सर्वभूमी वाहनातील दोषशोधन : ब्रेक व विद्युत् यंत्रणा

दलदल, वाळू, बर्फ, शेतजमीन, दगडगोट्यांची वाट अशा, रस्ता नसलेल्या भूमीवर चालविण्यासाठी बनविलेल्या हलक्या वाहनास सर्वभूमी वाहन म्हणतात. याचे टायर रुंद व कमी दाबाचे असतात, चालक आसनावर दोन्ही बाजूंस पाय टाकून बसतो व हँडलने वाहन वळवितो. इंग्रजी आद्याक्षरांवरून हे वाहन ‘एटीव्ही’ या नावाने अधिक परिचित आहे. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेल्या तीनचाकी वाहनामुळे या प्रकाराचा प्रसार सुरू झाला. १९८२ च्या सुमारास सुझुकी कंपनीने चारचाकी वाहन आणले. तीनचाकी वाहने वळणावर सहज उलटत व त्यामुळे अनेक गंभीर अपघात घडले. १९८८ मध्ये न्यायालयीन समझोत्यानुसार उत्पादकांनी अमेरिकेतील त्यांची विक्री थांबविली. प्रस्तुत विवेचन चारचाकी वाहनांपुरते आहे.

पाणी, चिखल व सततचे हादरे ही या वाहनातील बहुतेक बिघाडांची मूळ कारणे होत. मोटारगाडीत बंद आवरणाखाली असणारे कित्येक भाग येथे उघडे असतात. ब्रेक आणि विद्युत् यंत्रणा यांतील दोष वरवर पाहता वेगळे वाटले, तरी ब्रेकच्या तरफेजवळील लहानशा स्विचमुळे ते एकमेकांत गुंतलेले असतात. यामुळे दुरुस्तीस आरंभ करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे मोजमापाने ठरविणे अगत्याचे ठरते. संशयावरून एकामागून एक भाग बदलण्याची पद्धत खर्चिक आहेच. शिवाय तीत मूळ दोष तसाच राहून ब्रेक ऐन उतारावर निकामी होण्याचा धोका असतो.

ब्रेक : बहुतेक वाहनांत ब्रेक द्रवीय दाबावर चालतात. तरफ दाबली म्हणजे प्रमुख सिलिंडरातील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो व त्या दाबाने चाकाजवळील कॅलिपरातील दट्ट्या घर्षणपट्ट्या (पॅड) तबकडीवर आवळतो. काही वाहनांत, विशेषतः जुन्या, ड्रम ब्रेक आढळतात.

तरफेचा स्पर्श हा दोषशोधनातील पहिला पुरावा होय. तरफ मऊ, स्पंजासारखी लागत असेल व भराभर दाबल्यावर कठीण होत असेल, तर नळीत हवा शिरलेली असते. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. तरफ दाबून धरली असता ती सावकाश खाली जात राहिली आणि बाहेर कोठेही गळती दिसली नाही, तर प्रमुख सिलिंडरातील रबरी कडे झिजलेले असण्याचा संभव अधिक. तरफ कठीण असूनही वाहन थांबत नसेल, तर पट्ट्यांवर तेल लागलेले असते, त्या तापून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात किंवा कॅलिपर गंजून अडकलेला असतो. ओढा ओलांडल्यावर ड्रम ब्रेक दुबळा झाला, तर ड्रमच्या कडेची रबरी बंदिका अथवा हवेची नळी तपासावी लागते. ओले अस्तर एकदा सुकले म्हणजे ब्रेक पूर्ववत लागतो, पण आत शिरलेले पाणी व गाळ झीज करीतच राहतात.

याच्या उलट, ब्रेक सुटत नाही अशीही तक्रार असते. चाक जड फिरते, तबकडी तापते आणि तापलेला द्रव प्रसरण पावून ब्रेक अधिकच आवळला जातो. दोषाची जागा शोधण्याची एक सोपी व निर्णायक चाचणी आहे. वाहन भक्कम आधारावर उचलून, चाक अडकलेले असताना कॅलिपरावरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करावा. थोडा द्रव उडून चाक मोकळे झाले, तर दाब वरच्या बाजूस कोंडलेला होता असे ठरते. चाक तसेच राहिले, तर दोष कॅलिपराच्या दट्ट्यात, त्याच्या सरक-खिळ्यांत किंवा पट्ट्यांत असतो. दाब वर कोंडलेला असल्यास पुढच्या वेळी चाक अडकताच प्रमुख सिलिंडराजवळचा जोड सैल करतात. त्याने चाक सुटले तर दोष सिलिंडरात, न सुटले तर आतून सुजलेल्या रबरी नळीत मानावा. सिलिंडरात द्रवाच्या परतीसाठी एक अतिसूक्ष्म छिद्र असते. ते गाळाने बुजले किंवा तरफेचा मोकळा खेळ नाहीसा होऊन दट्ट्या किंचित पुढेच राहिला, तर द्रव टाकीत परतू शकत नाही. नवी तरफ वा हातमूठ बसविल्यानंतर हा दोष पुष्कळदा उद्भवतो.

डॉट ३ व डॉट ४ या प्रतींचा द्रव ग्लायकॉल वर्गातील व आर्द्रताशोषक असतो. डॉट ४ द्रवाचा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३०° से. असतो, सु. ३.७ टक्के पाणी मिसळल्यावरच्या कसोटीत तो किमान १५५° से. इतकाच अपेक्षिला जातो. लांब उतारावर असा जुना द्रव उकळला म्हणजे वाफ दाबली जाऊन तरफ एकाएकी पोकळ लागते आणि थंड झाल्यावर दोष दिसेनासा होतो. डॉट ५ हा सिलिकोनयुक्त द्रव वेगळ्या जातीचा असून तो इतरांत मिसळू नये. खनिज तेल घातल्यास रबरी भाग फुगून सर्व यंत्रणा निकामी होते.

विद्युत् यंत्रणा : १२ व्होल्टची बॅटरी (विद्युत् घटमाला), एंजिनाच्या प्रचक्राजवळील जनित्र, दाब-नियंत्रकासह एकदिशकारक, स्टार्टर आणि तारांचे जाळे हे तिचे मुख्य घटक होत. पूर्ण भारित शिसे-अम्ल बॅटरीचा दाब विश्रांत स्थितीत सु. १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. १२ व्होल्टच्या आसपासची बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. मात्र विश्रांत दाब चांगला असून भार पडताच कोसळणारी बॅटरीही आढळते. म्हणून स्टार्टर फिरत असतानाचा दाब पाहणे आवश्यक असते, तो ९.५ व्होल्टच्या बराच खाली गेल्यास बॅटरी सदोष असण्याचा संभव असतो.

बॅटरी चांगली असताना स्टार्टर मंद फिरत असेल, तर जोडांकडे वळावे. तारेचा रोध तार सुटी असताना मोजण्याचा उपयोग होत नाही, कारण एका शाबूत तंतूमुळेही ओहममापक ती निर्दोष दाखवितो. स्टार्टर १०० अँपिअर प्रवाह घेतो असे धरल्यास ०.०२ ओहम रोधामुळे २ व्होल्ट वाया जातात आणि इतका अल्प रोध सामान्य मापकावर दिसतही नाही. याकरिता व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋणाग्रावर व दुसरे एंजिनाच्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवितात. दाबातील घट सु. ०.३ व्होल्टहून अधिक भरल्यास जोड गंजलेला वा सैल असतो. धन बाजूची चाचणीही अशीच करतात.

स्टार्टर मुळीच फिरत नाही अशा वेळी वर उल्लेखिलेला स्विच विचारात घ्यावा लागतो. अनेक वाहनांत गिअर तटस्थ स्थितीत नसल्यास ब्रेकची तरफ दाबल्याशिवाय स्टार्टरचे मंडल पूर्ण होत नाही. स्विचात चिखल गेला म्हणजे चांगला स्टार्टर निर्जीव वाटतो. मागील ब्रेक-दिवा येथे साक्षीदार ठरतो. दिवा व स्टार्टर एकाच स्विचावर असतील आणि तरफ दाबूनही दिवा लागत नसेल, तर दिवा व फ्यूज पाहून मग स्विच तपासावा. तरफ सोडूनही दिवा लागलेलाच राहिला, तर स्विच अडकलेला असतो किंवा तरफ पूर्ण परतलेली नसते. दुसऱ्या स्थितीत बॅटरी उतरण्याचे आणि ब्रेक तापण्याचे कारण एकच असते. रिलेचा ‘टक’ असा आवाज आला तर हे नियंत्रक मंडल बहुधा ठीक असून दोष पुढे, जाड तारांच्या मार्गात, शोधावा.

एंजिन मध्यम गतीने चालू असताना बॅटरीच्या अग्रांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब अपेक्षित असतो. तो वाढतच नसेल, तर जनित्राच्या तीन तारांच्या जोड्यांमधील प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) दाब मोजतात. तिन्ही मापने जवळपास सारखी व एंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी असावीत आणि कोणतीही तार धातूच्या सांगाड्याशी जोडलेली नसावी. जनित्र ठीक असल्यास आधी मधल्या जोडण्या व मगच नियंत्रक संशयास्पद ठरतो. दाब १५ व्होल्टच्या वर गेल्यास नियंत्रक किंवा त्याचे भूयोजन सदोष असते. विंच दीर्घकाळ मंद गतीवर वापरल्यानेही बॅटरी उतरते. त्यात जनित्राचा दोष नसतो.

फ्यूज वारंवार वितळत असेल, तर अधिक क्षमतेचा फ्यूज बसविणे म्हणजे तारांना आग लागू देणे होय. फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा मोठा दिवा तात्पुरता जोडल्यास मंडल-संक्षेप असेपर्यंत तो प्रखर पेटतो. मग एकेक शाखा सुटी करावी. जी सुटताच दिवा मंदावतो तीत दोष असतो. हँडलच्या मानेपाशी तारांचे आवरण घासले जाते, म्हणून हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ही चाचणी घेतात.

कोकण किनाऱ्यावर पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी ही वाहने वापरण्यात आली आहेत. समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे तांब्याच्या तारा आवरणाखालीच हिरव्या पडतात आणि कॅलिपराचे सरक-खिळे गंजतात. अशा वाहनांस दररोज गोड्या पाण्याने धुणे इष्ट असते. परंतु उच्च दाबाचा फवारा जोडांवर व चाकांच्या बंदिकांवर मारल्यास पाणी उलट आत शिरते.