विश्लेषण : मोटरमनला समोर नेमके काय दिसते? ‘कॅब व्ह्यू’ व्हिडीओ कसे पाहावेत?

रोज लोकलने जाणाऱ्या मुंबईकराला रेल्वेमार्ग दिसतो तो दारातून किंवा खिडकीतून, म्हणजे बाजूने. समोरून तो फक्त मोटरमनला दिसतो. हे दृश्य आता मोबाइलवर पाहता येते. मोटरमन किंवा लोको पायलटच्या केबिनमधून टिपलेल्या, न कापलेल्या, निवेदन नसलेल्या प्रवासाचे ‘कॅब व्ह्यू’ व्हिडीओ जगभर पाहिले जातात. अनेक जण ते निव्वळ विरंगुळा म्हणून लावून ठेवतात. मात्र रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या चालवणाऱ्या मुंबई उपनगरी रेल्वेचा असा व्हिडीओ पाहताना काय शोधायचे हे कळले, की तो विरंगुळा राहत नाही.

सिग्नल कसे वाचायचे?

उपनगरी मार्गावर स्वयंचलित सिग्नल यंत्रणा आहे. मार्गाचे छोटे टप्पे पाडलेले असतात आणि टप्प्यात गाडी आहे की नाही हे यंत्रणेला रुळांवरूनच कळते. पुढच्या गाडीच्या पाठीमागचा सिग्नल लाल, त्याच्या मागचा पिवळा, त्याच्या मागचा दोन पिवळे आणि त्यानंतर हिरवा. पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबण्याची तयारी ठेवा. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल कमी वेगात ओलांडण्याच्या तयारीने चला.

सकाळच्या गर्दीतला व्हिडीओ पाहिला तर जलद लोकललाही सलग हिरवे सिग्नल क्वचितच मिळतात. पुढे तीन-चार मिनिटांवर दुसरी लोकल धावत असते. दोन पिवळे, एक पिवळा, वेग कमी, पुन्हा दोन पिवळे, थोडा वेग. ‘फास्ट लोकल रखडली’ असे डब्यात आपण म्हणतो, तेव्हा केबिनमध्ये हे चाललेले असते.

स्वयंचलित सिग्नलच्या खांबावर ‘ए’ अक्षराची पाटी दिसते. असा सिग्नल लाल असेल तर गाडी कायम अडकून पडत नाही. सर्वसाधारण नियमानुसार दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबून, अत्यंत सावधपणे पुढे जाण्याची मुभा असते. कुर्ला, कल्याणसारख्या ठिकाणी सिग्नलच्या डोक्यावर तिरक्या रांगेत पांढरे दिवे लागलेले दिसले, तर गाडी सांधा बदलून बाजूच्या मार्गावर जाणार हे समजावे. तो क्षण चुकवू नये. चार-सहा रुळांच्या गुंत्यातून आपली वाट आपोआप उलगडत जाताना पाहणे हा या व्हिडीओंमधला सर्वांत देखणा भाग, असे माझे मत.

पाट्यांचीही एक भाषा आहे. ‘सी/फा’ म्हणजे सीटी/फाटक. ‘५०० मीटर’ आणि ‘२५० मीटर’ या पाट्या पुढे ओव्हरहेड वायरमध्ये वीज नसलेला छोटा तुकडा असल्याचे सांगतात. तेथे वीजपुरवठा बंद करून गाडी केवळ वेगाच्या जोरावर पुढे सरकते. फलाटाच्या टोकाला १२ आणि १५ आकडे असलेल्या पाट्या असतात. तितक्या डब्यांच्या गाडीचे तोंड तेथे थांबवायचे. ती जागा चुकली तर शेवटच्या डब्याचे प्रवासी फलाटाबाहेर.

मोटरमनच्या हातात काय असते?

मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक असे दोघे असतात. सिग्नल दिसला की ते एकमेकांना त्याचा रंग मोठ्याने सांगतात. लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा. त्याचा जोडीदार, म्हणजे गार्ड (पदनाम आता ‘ट्रेन मॅनेजर’), गाडीच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे अडीचशे मीटर मागे. दोघांचे बोलणे घंटेवर चालते : दोन टोले म्हणजे गाडी सोडा, एक म्हणजे थांबवा. व्हिडीओत प्रत्येक स्थानकावर ऐकू येणारा ‘टिंग-टिंग’ आवाज तो हाच.

वेग नियंत्रित करणारे हँडल गाडी धावत असताना दाबून धरावे लागते. मोटरमन बेशुद्ध पडला किंवा हात सुटला तर ब्रेक आपोआप लागतात. म्हणून त्याला ‘डेडमॅन हँडल’ म्हणतात.

मग समोर माणूस दिसल्यावर गाडी का थांबत नाही?

हा प्रश्न असे व्हिडीओ पाहताना हमखास पडतो, कारण त्यांत रूळ ओलांडणारी माणसे सतत दिसतात. साधे गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग ०.८ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे गणितापुरते धरले, तर गाडी थांबायला सुमारे २८ सेकंद आणि ३०० मीटरहून अधिक अंतर लागते. म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. मोटरमनला माणूस १०० मीटरवर दिसला, तर हाती उरतात जेमतेम साडेचार सेकंद. त्यात भोंगा वाजवता येतो, ब्रेक लावता येतो, वळण मात्र घेता येत नाही.

रुळावरच्या माणसाला हे का कळत नाही? लोकल साधारण ३.६ मीटर रुंद आहे. ३०० मीटरवरून तिचे तोंड हात लांब करून धरलेल्या करंगळीपेक्षाही अरुंद दिसते. १०० मीटरवर आली तरी दोन करंगळ्यांइतकेच. समोरून येणारी वस्तू बाजूला सरकत नाही, फक्त हळूहळू मोठी होते आणि खरी मोठी होते ती अगदी शेवटच्या दोन-तीन सेकंदांत. शिवाय मोठ्या आकाराच्या वस्तूंचा वेग आपण कमीच समजतो.

याच दृष्टिदोषावर २०१० च्या सुमारास हार्बर मार्गावरील वडाळा येथे ‘फायनल माइल’ या संस्थेने मध्य रेल्वेसोबत एक प्रयोग केला होता. काही स्लीपर पिवळे रंगवले, जेणेकरून ते झपाट्याने गाडीखाली जाताना दिसून वेगाचा अंदाज यावा. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे वाजवायला सांगितले. गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. तेथील मृत्यू घटले. उपनगरी मार्गावर मात्र अलीकडच्या वर्षांतही सर्व कारणे मिळून वर्षाला दोन हजारांहून अधिक बळी जात आहेत. त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. एक लोकल गेली की लगेच रुळात उतरणाऱ्याला तिच्याआडून शेजारच्या मार्गावर येणारी दुसरी लोकल दिसतच नाही. केबिनमधूनही तो माणूस तितक्याच उशिरा दिसतो.

मुंब्र्याजवळच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्या वळणांवर दोन गाड्यांमधली जागा किती अरुंद दिसते, हे समोरून पाहिल्यावर जास्त नीट समजते.

कॅमेरा काय लपवतो?

बरेच काही. वाइड अँगल लेन्समुळे दूरचा सिग्नल आहे त्याहून दूर भासतो, तर जवळचे खांब झपाट्याने मागे पळतात. पावसाळ्यात धूसर झालेली काच, मावळतीच्या उन्हात फिकट पडलेला सिग्नल, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने दिपणारे डोळे, ही डोकेदुखी व्हिडीओत फारशी उतरत नाही. हँडलवर सतत ठेवावा लागणारा हात तर दिसतच नाही.

ही आवड नवी आहे का?

अजिबात नाही. १८९० च्या दशकातच इंजिनाच्या तोंडावर कॅमेरा बसवून केलेल्या ‘फँटम राइड’ फिल्म गर्दी खेचत होत्या. बीबीसीने १९५३ मध्ये लंडन ते ब्रायटन प्रवास चार मिनिटांत दाखवला आणि १९८३ व २०१३ मध्ये पुन्हा चित्रित केला. नॉर्वेच्या एनआरके वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांचा प्रवास संपूर्ण दाखवला आणि ‘स्लो टीव्ही’ हा प्रकारच रुजला. आपल्याकडे कर्जत-लोणावळा दरम्यानचा बोरघाट असा पाहण्याजोगा आहे : ३७ मीटरला एक मीटर चढ, एकामागून एक बोगदे आणि मागून रेटणारी बँकर इंजिने.

आपणही असे चित्रीकरण करू शकतो का?

परवानगीशिवाय नाही. केबिनमध्ये अनधिकृत व्यक्तीला प्रवेश नसतो आणि कर्तव्यावर असताना चालकाला स्वतःचा मोबाइल वापरता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ नुसार मनाई करूनही छत, पायदान किंवा इंजिनावरून प्रवास केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रुळांत उतरून चित्रीकरण करणाऱ्यांना कलम १४७ लागू होते : सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

खुद्द चालकालाही नव्या मार्गावर लगेच गाडी मिळत नाही. आधी त्याला दुसऱ्या चालकासोबत केबिनमधून फेऱ्या मारून सिग्नल, चढ-उतार, वळणे पाठ करावी लागतात. रेल्वेच्या भाषेत याला ‘लर्निंग रोड’ म्हणतात.