सिनॉप्सिसमधलं ‘दुर्गम’ : मेळघाट कसा वाचायचा?

तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘अभ्यासक्षेत्र’ हे प्रकरण काढा. मेळघाटावर काम करणार असाल, तर पहिलं वाक्य बहुतेक असंच असेल: ‘मेळघाट हा सातपुड्यातील दुर्गम व डोंगराळ भाग आहे.’ वाक्य खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. दुर्गम म्हणजे कशामुळे, कोणासाठी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात?

आधी जमीन बघू. अकोला किंवा अचलपूरहून उत्तरेला पाहिलं की गाविलगडाचे डोंगर भिंतीसारखे उभे दिसतात. हळूहळू चढत जाणारा उतार नाहीच. कारण पायथ्याशी भूकवचातला मोठा भ्रंश आहे. भ्रंशाच्या दक्षिणेचा भाग खचला, त्यात पूर्णेचा गाळ साचला आणि आपलं काळ्या मातीचं सपाट वऱ्हाड तयार झालं. उत्तरेचा भाग उंच राहिला. म्हणून परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत तीसेक किलोमीटरात आपण साधारण चारशे मीटरवरून अकराशेच्या वर जातो. तिथलं वैराट 1178 मीटर. अकोला–खांडवा मीटरगेज लाइनला तर हा चढ पार करायला धूळघाटजवळ वळसा घेऊन स्वतःचाच रूळ ओलांडावा लागला. चढ म्हणजे काय, हे त्यावरून समजा.

मुख्य कडा दक्षिणेकडे सरकलेला असल्यामुळे सिपना, गडगा, खापरा, खंडू या नद्या जवळचं मैदान सोडून उलट्या दिशेने तापीकडे जातात. चंद्रभागा मात्र दक्षिणेला उतरून पूर्णेला मिळते. गंमत म्हणजे पूर्णा आणि तापी पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला एकत्र येतात. कड्याच्या दोन बाजूंना पडलेलं पाणी एवढा फेरा मारून शेवटी भेटतंच.

खडक सगळा बेसॉल्ट. त्यात पाणी फार मुरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात नाले तुडुंब आणि उन्हाळ्यात नदीत फक्त डोह उरतात. ‘सेमाडोह’ या नावातच ते आहे. मे महिन्यात जीप सहज पार करते तो नाला ऑगस्टमध्ये गावाचा रस्ता तोडतो. मग तुमचा सर्व्हे कोणत्या महिन्यातला? रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं: बाहेरून येणारे लोक डांबरी रस्त्याकाठची गावं कोरड्या ऋतूत पाहतात आणि त्यालाच ग्रामीण वास्तव समजतात. कुपोषणावर काम करणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं. कारण बाळंतीण अडकते ती पावसात, अन् रस्त्यापासून आत असलेल्या गावात.

‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यात केवढं अंतर असतं, ते रानपिंगळ्यावरून कळतं. या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना 1884चा. 1914चा म्हणून एक नमुना होता, गुजरातमधला. त्यावरचं लेबल बनावट निघालं. ती नोंद बाद करून पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या विश्वासार्ह नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर 1997मध्ये शहाद्याजवळ पक्षी दिसला. मधे 113 वर्षं गेली. पुढे तो मेळघाटातही सापडला. इथे जंगलाच्या दुर्गमतेइतकाच एका खोट्या लेबलचा वाटा आहे, असं माझं मत.

आणि कोणासाठी दुर्गम? हरिसालच्या कोरकू आजीला विचाराल तर लांब आहे ते अमरावती. तिची भाषा मुंडा कुळातली, मराठीशी नातं नाही. तुमची प्रश्नावली मराठीत असेल, तर तिथे आणखी एक घाट चढायचा आहे, आणि तो नकाशावर दिसत नाही.

तेव्हा ते वाक्य खोडा. त्याजागी लिहा: गावाची उंची, डांबरी रस्त्यापासूनचं चालायचं अंतर, मधले नाले, वर्षातले किती दिवस वाट बंद, घरात बोलली जाणारी भाषा. गाइड विचारतील, एवढं कशाला? त्यांना हा तक्ता दाखवा आणि नमुन्यातली गावं त्यावरूनच निवडा.