बोटीबद्दल विचारलं की लोक चालण्याबद्दल का बोलतात?

म्हसावदमध्ये राहून मी बोटींवर संशोधन करते असं सांगितलं की लोक आधी हसतात. साहजिकच आहे. नकाशा काढून बघा. गावाच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा. दोन मोठ्या नद्या, पण दोन्ही गावापासून लांब. इथे बोलणं चालतं ते उसाचं, पपईचं, विहिरीच्या पाण्याचं. बोट कोणी कशाला काढेल?

पण इथूनच धडगावकडे रस्ता चढतो आणि धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर टोकाला नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं गेली ती तिथलीच, काही पूर्ण, काही थोडी. त्या गावांतली बरीच कुटुंबं सातपुडा उतरून आपल्या शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आली. वडछील, सोमावल, रेवानगर, नर्मदानगर ही नावं तुम्ही एसटीच्या पाटीवर वाचली असतील. शेवटची दोन जरा थांबून वाचा. नदी सोडून आलेल्या वसाहतींना नदीचंच नाव दिलंय.

माझ्या प्रबंधाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर पाण्याकाठच्या आयुष्याच्या आठवणी. या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे नॉस्टॅल्जिया, आणि आज थोडं त्याच्याबद्दलच.

योहानेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलमध्ये वैद्यकशास्त्राचा प्रबंध लिहिला (तोही बिचारा प्रबंधच लिहीत होता). घरापासून दूर गेलेल्या स्विस माणसांना होणाऱ्या आजारासाठी त्याने दोन ग्रीक शब्द जोडून हा नवा शब्द बनवला. एकाचा अर्थ घरी परतणं, दुसऱ्याचा वेदना. म्हणजे मुळात हे दुखणं होतं, त्यावर इलाज सांगितले जायचे. आपण मराठीत त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द छान आहे, पण त्यात वेदना गळून पडली आणि रंजन आलं. मला वाटतं हा फरक किरकोळ नाही. पुढे बघूच.

बोटींच्या स्मरणरंजनाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणजे इंग्लंडचे कालवे. तिथल्या मालवाहू बोटी जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तरेक फूट लांब असायच्या. कुटुंबच्या कुटुंब मागच्या छोट्या खोलीत राहायचं, बाहेरून गुलाब आणि किल्ले रंगवलेले. आत मात्र गर्दी, आजार आणि शाळेत न जाणारी मुलं. म्हणून तर १८७७ आणि १८८४ मध्ये या बोटींसाठी खास कायदे करावे लागले. पुढे रेल्वे आणि ट्रकने धंदा खाल्ला. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळपास संपली.

पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. एल. टी. सी. रोल्ट या इंजिनियरने आपल्या बोटीतून केलेल्या प्रवासावर १९४४ मध्ये पुस्तक लिहिलं, लोक हळहळले, आणि १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट आयकमन वगैरे मंडळींनी कालवे वाचवण्यासाठी संघटना काढली. स्वयंसेवकांनी चिखल उपसला, बुजलेले कालवे पुन्हा उघडले. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्गांसाठी स्वतंत्र न्यासच आहे. थोडक्यात, तिथे हळहळीची संस्था झाली. गुलाब आणि किल्ले टिकले, खोलीतली गर्दी विस्मरणात गेली.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कोकणची बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट, किनाऱ्यापासून लांब नांगर टाकणं, मग पडावात उतरताना उडणारी तारांबळ, आणि ‘बोट लागणं’ हा शब्दप्रयोग. तुमच्या घरात कोणी कोकणातलं असेल तर हे सगळं हसत हसत ऐकलं असेल. त्याच काळात १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, हेही त्याच घरांमध्ये सांगतात. तरी एकूण सूर गोडच राहतो, कारण ती बोट आता नाही. प्रवास संपला, त्रास संपला, गोष्ट उरली.

माझी समज अशी की स्मरणरंजनाला एक अट असते. गोष्ट संपलेली असावी लागते.

आता नर्मदेवर येऊ. तिथे ही अट पूर्ण होत नाही. मुळात सगळा क्रमच उलटा आहे. इंग्लंडमध्ये आणि कोकणात बोट गेली म्हणून लोक हळहळले. नर्मदेच्या खोऱ्यात बोट आली, आणि ती आली तेव्हाच बाकीचं गेलं.

म्हणजे होड्या नव्हत्या असं नाही. नदी आहे तिथे होडी असतेच. पण रोजच्या व्यवहारात माणूस पायावर होता. पलीकडे गुजरात, मध्य प्रदेश असं आपण नकाशात म्हणतो, पण तिथल्या माणसांसाठी पलीकडे सोयरे होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उथळ जागा बघून नदी ओलांडायची, काठाच्या गाळात भाजीपाला करायचा. मासे होते, गुरांना पाणी होतं, काठावरून गावागावाला जोडणाऱ्या पायवाटा होत्या. धरणाची भिंत चढत गेली तसं पाणी मागे पसरत आलं. २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरवर गेली, १३८.६८ मीटरची परवानगी २०१४ मध्ये मिळाली आणि तेवढं पूर्ण पाणी पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मध्ये भरलं. जलाशयाची लांबी आता दोनशे किलोमीटरच्या वर आहे. पायवाटा बुडाल्या, टेकड्यांची टोकं बेटांसारखी वर राहिली, आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला बोट लागायला लागली.

त्यामुळे मी जेव्हा ‘तुमच्याकडच्या बोटींबद्दल सांगा’ असं विचारायचे, तेव्हा म्हातारी माणसं चालण्याबद्दल सांगायला लागायची. कुठून उतरायचो, पाणी कुठे गुडघ्याएवढं असायचं, कोणत्या खडकावर बसून विडी ओढायचो. सुरुवातीला मला वाटायचं विषय भरकटतोय. पण तेच उत्तर होतं. बोट म्हटलं की त्यांना ती जिच्या जागी आली ती वाट आठवते.

आणि बोट संपलेली नाहीच. ती आजची गोष्ट आहे. तरंगता दवाखाना बोटीवर असतो. २०२०च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने मासेमाराची छोटी होडी मागून घेतली आणि गरोदर बाया व लहान मुलांपर्यंत पोचण्यासाठी ती रोज अठरा किलोमीटर वल्हवत होती, ही बातमी तुम्ही वाचली असेल. देशभर कौतुक झालं. रास्तच झालं. पण तिला वल्हवावं का लागलं हा प्रश्न कौतुकात विरघळून गेला. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीला धडगाव तालुक्यात भाविकांनी भरलेली बोट उलटली, माणसं बुडाली. ज्या कुटुंबात हे घडलं तिथे बोटीच्या आठवणींचं रंजन कसं व्हायचं?

यासाठी एक वेगळा शब्द आहे. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींमुळे आजूबाजूचा प्रदेश ओळखू येईनासा झाला. तिथल्या लोकांशी बोलून ग्लेन अल्ब्रेख्त या तत्त्वज्ञाने २००३च्या सुमारास ‘सोलास्टॅल्जिया’ हा शब्द काढला. घर सोडल्याचं दुःख म्हणजे नॉस्टॅल्जिया. घर न सोडता, घरात बसल्या बसल्या घरच बदलून गेल्याचं दुःख म्हणजे सोलास्टॅल्जिया. आपल्या जिल्ह्यात ही दोन्ही दुःखं एकाच कुटुंबात सापडतात. एक भाऊ रेवानगरला, नदीपासून लांब. दुसरा अजून मूळगावात, बुडिताच्या वर सरकवलेल्या घरात, डोळ्यांसमोर पाणीच पाणी. पण त्याच्या लेखी ती नर्मदा नव्हे. वाहत नाही ना ती. वाहत्या पाण्यातला महसीर मासा साचलेल्या पाण्यात टिकत नाही, हे तो मला मत्स्यशास्त्राच्या पुस्तकाआधी सांगतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथली आठवण नुसती आठवण नसते, तो पुरावा असतो. १९७९च्या लवादाच्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, अशी त्या काळाच्या मानाने बरी तरतूद होती. पण मोजलं गेलं ते नावावर असलेलं. पिढ्यानपिढ्या कसलेली वनजमीन कागदावर ‘अतिक्रमण’ ठरली. काठावरचा गाळ, मासे, पायवाट, पलीकडच्या सोयऱ्यांकडे चालत जाण्याची सोय, यांना तर रकानाच नव्हता. ज्याचा सातबारा नाही ते माणूस आठवणीतूनच सिद्ध करणार. त्यामुळे खोऱ्यातल्या ज्येष्ठांच्या बोलण्यात एक विशिष्ट घडण येते. किती भाव, किती गुरं, किती झाडं, कोणत्या साली मोजणी झाली. ती निवेदनाची भाषा आहे, सरकारी माणसांसमोर पुन्हा पुन्हा बोलून तयार झालेली. नंदिनी ओझा यांनी निमगव्हाणचे केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे यांच्याकडून ऐकून तयार केलेलं ‘लढा नर्मदेचा’ मिळालं तर जरूर वाचा. आठवण आणि साक्ष एकमेकांत कशी मिसळतात ते तिथे दिसतं.

संशोधकाने यात काय करायचं? मी भावना विचारणं सोडलं. ‘नदीची आठवण येते का?’ या प्रश्नाला येणारं उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी महिना विचारते. वैशाखात कुठून ओलांडायचात? पहिला पाऊस पडल्यावर गुरं कुठे बांधायचात? मग उतारांची, खडकांची, वाळूच्या पट्ट्यांची नावं निघतात. यातली बरीच नावं मला कुठल्याही छापील नकाशावर दिसलेली नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी जिथून माणूस चालत गेला तिथे आज कित्येक मीटर पाणी आहे, आणि ती जागा आता फक्त नावात आहे.

एक गुंता मात्र माझ्याकडून अजून सुटलेला नाही, आणि मार्गदर्शकांनीही त्यावर लाल रेघ मारून ठेवलीय. २००६ नंतर जन्मलेल्या मुलांनी वाहती नर्मदा पाहिलेलीच नाही. त्यांच्या लेखी हे रुंद, शांत पाणी हीच नदी. बोटीच्या टोकावर बसून जाणं, इंजिनाचा आवाज लांबून ओळखणं, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर गाळात फसत धक्क्यापर्यंत पोचणं, हे त्यांचं बालपण. विस्थापित गावांच्या मासेमारी सहकारी संस्थांमध्ये आता हेच तरुण आहेत आणि जलाशयातल्या मासेमारीचा हक्क ते मागतायत. उद्या त्यांना या बोटींबद्दल गोड वाटलं तर? आजोबांचं नुकसान हे नातवाचं स्मरणरंजन होऊ शकतं. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही एकाच प्रकरणात कसं मांडायचं ते कळत नाही.

पुढचा भाग तापीवर असेल. १९७० च्या दशकात उकाईचं पाणी नवापूरकडे आलं, तिथलीही गावं उठली, पण त्या आठवणी नर्मदेइतक्या गोळा झालेल्या नाहीत. तुमच्या घरात कोणी उकाईच्या बुडितातून आलेलं असेल, तर आधी त्यांना उन्हाळ्यातला नदीचा उतार कुठे होता एवढंच विचारा आणि जे नाव सांगतील ते लिहून ठेवा.