मैदान मोकळं आहे (भाग ५) : बाकावरचं बारावं पोरगं

गेल्या आठवड्यात आपण गावातल्या पोरांच्या सॉफ्टबॉल-बेसबॉल लीगसाठी मैदानाचा चौकोन आखला. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ६० फूट, आणि कोपरे काटकोनात बसलेत की नाही ते तपासायला होमप्लेटपासून सेकंड बेसपर्यंत तिरकी दोरी : ८४ फूट १० इंच. चुन्याची फक्की मारून झाली की मैदान दिसायला लागतं. खेळ मात्र अजून दिसत नाही, त्याला माणसं लागतात. आजचा हप्ता माणसांचा.

आधी माझीच एक जुनी गोष्ट. शाळेत असताना मी सॉफ्टबॉलच्या संघात होतो. संघात म्हणजे यादीत. पहाटेच्या एसटीने आम्ही सोळा पोट्टे जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, डबे सोबत, दोन स्लगर, म्हणजे बॅटी, एका पोत्यात. साडेनऊला सामना सुरू झाला, साडेदहाला आम्ही हरलो आणि स्पर्धेतून बाद झालो. परतीची गाडी दुपारी होती, म्हणून दुसऱ्यांचे सामने बघत झाडाखाली बसून राहिलो. घरी आल्यावर आईने विचारलं, "जिंकले का रे?" म्हटलं, हरलो. "तू किती काढले?" म्हटलं, मला घेतलंच नाही. ती म्हणाली, "मंग गेलता कायले बाप्पा?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण दोष कुणा सरांचा नव्हता, पद्धतीचा होता. बाद फेरीचं गणित साधं आहे. सोळा संघ असतील तर १५ सामने होतात आणि पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात. म्हणजे निम्म्या पोरांच्या वाट्याला वर्षाचा एक सामना, तोही मैदानात उतरायला मिळालं तर. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट आहेत, सॉफ्टबॉलही आहे आणि बेसबॉलही. तिथून पुढे गेलेल्या पोरांना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ही व्यवस्था निवड करण्यासाठी आहे आणि ती निवड करते. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चाळणीला कुणी 'तू रांधत का नाहीस' असं विचारत नाही.

लीग म्हणजे रांधणं. लीगमध्ये हरलेला संघ घरी जातो तो पुढच्या रविवारी परत येण्यासाठी.

लहान पोरांची अशी लीग कुणी उभी केली हे आधी बघू. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचं लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचं गाव. तिथे कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा कारकून होता. १९३८ साली तो अंगणात पुतण्या-भाच्यांबरोबर चेंडू झेलत होता, तेवढ्यात छाटलेल्या झुडपाच्या खुंटावर त्याचा पाय पडला आणि घोटा सोलवटला. पायरीवर बसून तो पोरांचा खेळ बघत राहिला. तिथेच त्याच्या डोक्यात आलं की या पोरांना मोठ्यांचं मैदान फार मोठं पडतं. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये बेसचं अंतर ९० फूट असतं. त्याने वर्तमानपत्रांचे तुकडे बेस म्हणून टाकले आणि पोरांना पळवून बघत अंतर ठरवलं : ६० फूट. मग पैशासाठी दुकानं-कंपन्यांचे उंबरे झिजवले. पन्नासहून जास्त ठिकाणी नकार मिळाल्यावर एक दूधवाली कंपनी तयार झाली. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबर संघाने लायकॉमिंग डेअरी संघाला हरवलं, २३ विरुद्ध ८. तीन संघ, तीस पोरं. त्यातून पुढे लिटल लीग ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली.

या गोष्टीचा पुढचा भाग अमेरिकेतले लोक तितक्या उत्साहाने सांगत नाहीत, पण मराठी वाचकाला तो लगेच कळेल. संस्था मोठी झाली, कार्यालय आलं, पगारी व्यवस्थापन आलं, आणि १९५५ साली संस्थापकाचंच संस्थेशी बिनसलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि स्टॉट्झ आपणच सुरू केलेल्या लीगमधून बाहेर पडला. आपल्याकडे असं होत नाही, असं म्हणणाऱ्याने एखाद्या गणेश मंडळाच्या वार्षिक सभेला जाऊन बसावं.

हा खेळ परका, आपल्याकडे कोण बघणार, असं म्हणणारे भेटतात. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डीसारखे आपले खेळ जगाला करून दाखवले. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकनांनी बेसबॉलचा सामना प्रदर्शनासाठी खेळून दाखवला. तेव्हा दोघंही सारखेच परके होते. आणि ज्या पोराने दांडूने विटी टोलवलीय त्याला स्लगर कसा धरायचा हे दहा मिनिटांत कळतं. स्लगर फेकून पळायचं नाही, खाली टाकून पळायचं, हे कळायला मात्र महिना जातो.

आता आपल्या गावाकडे, वरोऱ्याकडे येऊ. लीग चालते ती बिनपगारी माणसांवर. बिनपगारी कामाला माणसं मिळत नाहीत, हे या गावात तरी कुणी म्हणू नये. बाबा आमटे इथे वकिली करत होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि गावाबाहेरच्या खडकाळ जमिनीवर त्यांनी आनंदवन उभं केलं. १९६७ पासून त्यांच्या सोमनाथच्या प्रकल्पावर श्रमसंस्कार छावणी भरते. मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हात, महाराष्ट्रभरातून तरुण पोरंपोरी स्वखर्चाने येतात आणि कुदळ-फावडं हातात घेतात. ती का येतात याची उत्तरं अनेक असतील. मला त्यातली एक गोष्ट लीगसाठी कामाची वाटते. तिथे कुणाला 'जमेल तशी मदत करा' असं सांगत नाहीत. टोळी ठरलेली, वेळ ठरलेली, काम डोळ्यांसमोर. 'जमेल तशी मदत' मागितली की प्रत्येक जण हो म्हणतो आणि रविवारी कुणीच येत नाही.

म्हणून आधी कामं मोजा. सहा संघ, प्रत्येकी बारा पोरं, म्हणजे ७२. प्रत्येक संघाला दोन प्रशिक्षक, झाले बारा. पंच चार, आळीपाळीने. गुणलेखक दोन, प्रथमोपचाराला एक, पाण्याला एक, पहाटे बेस मांडून फक्की मारायला तीन, साहित्याच्या पेटीला एक. एकूण चोवीस. एवढी माणसं कुठून आणायची याचं उत्तर नोंदणी अर्जातच द्यायचं. पालकाची सही घेताना वरच्या कामांपैकी एकावर खूण करायला लावायची आणि कोणते दोन रविवार येणार ते तिथेच लिहून घ्यायचं. तारीख लिहिलेला माणूस येतो. पैसे देऊन सुटका मागणारेही असतील. त्यांच्याकडून वर्गणी घ्या, पावती द्या, पण सुटका देऊ नका.

सामन्यांचा तक्ता करायला संगणक लागत नाही. संघांचे आकडे दोन ओळींत लिहा : वर १, २, ३ आणि खाली ६, ५, ४. वरखाली जोड्या लावा : १-६, २-५, ३-४. पुढच्या आठवड्यात १ ला जागेवर ठेवून बाकीच्यांना एकेक घर सरकवा, चरकाभोवती बैल फिरतो तसं. पाच रविवारांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, दहा रविवारांत दोनदा. एका मैदानावर सकाळी तीन सामने, सात वाजल्यापासून, प्रत्येकी सव्वा तासाची मुदत. अकराच्या आत पोरं घरी. दिवाळी आटोपल्यावर सुरू केलं तर जानेवारीअखेर लीग संपते. फेब्रुवारीत परीक्षा, आणि पुढचं ऊन वरोऱ्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. पावसाळ्यात तर आपल्या काळ्या मातीत बूट रुततो तो मागे राहतो आणि पाय पुढे जातो.

संघ वार्डावार करू नका. हे मी हात जोडून सांगतो. वार्डाचा संघ केला की तिसऱ्या रविवारी नगरसेवक येतो, चौथ्या रविवारी फ्लेक्स येतो आणि पाचव्या रविवारी भांडण. पोरांना एक दिवस बोलवा, पळवा, फेकायला लावा, वयाप्रमाणे आणि जमतं त्याप्रमाणे गट पाडा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या काढा. सख्खी भावंडं तेवढी एका संघात राहू द्या, नाहीतर आईला दोन सामने थांबावं लागतं.

आता त्या बाकावरच्या पोराकडे. मैदानात नऊच उभे राहतात, बारापैकी तिघं बाहेर. लिटल लीगमध्ये जुना दंडक असा की प्रत्येक पोराला निदान एकदा बॅटिंग आणि क्षेत्ररक्षणात सहा आउट, म्हणजे दोन इनिंग, मिळालेच पाहिजेत. आपण याहून पुढे जाऊ शकतो. सामना पाच इनिंगचा धरा. नऊ जागा गुणिले पाच म्हणजे ४५. बारा पोरांत वाटल्या तर प्रत्येकाला तीन इनिंग नक्की, आणि उरलेल्या नऊ जागांतून नऊ जणांना चौथी. ज्या तिघांना चौथी मिळाली नाही त्यांची नावं पुढच्या रविवारी आधी. बॅटिंगला तर सगळे बाराच्या बारा ओळीने. एका डावात पाच धावा झाल्या की बाजू बदलायची, नाहीतर २३-८ होतं आणि राइट फील्डमधलं पोरगं मातीत रेघोट्या ओढत बसतं.

अडचण येते ती प्रशिक्षकाच्या स्वतःच्या पोराची. तोच पिचर, तोच पहिला बॅटर, दर रविवारी. बापाला ते दिसत नाही, बाकी सगळ्या मैदानाला दिसतं. यावर भाषण उपयोगाचं नाही. दोन प्रशिक्षकांपैकी कुणीही आपल्या पोराची जागा ठरवायची नाही, दुसऱ्याने ठरवायची, एवढा एकच नियम पुरतो.

बेसबॉल खेळवणार असाल तर पिचरचे चेंडू मोजा. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा नाजूक भाग असतो, खांदा-कोपराला तिथेच इजा होते. लिटल लीगची मर्यादा ९-१० वर्षांच्या पोराला दिवसाला ७५ चेंडू, ११-१२ च्या पोराला ८५, आणि फेकले असतील त्या प्रमाणात पुढचे दिवस विश्रांती. बाहेर बसलेल्या पालकांपैकी एकाच्या हातात वही-पेन्सिल द्या. ओरडणं आपोआप कमी होतं, हा वरचा फायदा.

पंच म्हणून कॉलेजची पोरंपोरी घ्या. ती लवकर शिकतात आणि लवकर सोडूनही जातात, कारण एखादा काका जाळीमागून "अबे, दिसत नाही का तुले?" म्हणतो. पंचाशी फक्त प्रशिक्षक बोलेल आणि तेही इनिंग संपल्यावर, हे पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत सांगा. फर्स्ट बेसला दोन गाद्या ठेवा, पळणाऱ्याला बाहेरची केशरी, पकडणाऱ्याला आतली पांढरी. निम्म्या टकरा तिथेच टळतात. १५ इंची चौकोनी पोत्यात भुसा भरून शिवलं आणि रंग दिला की काम झालं.

मुलींबद्दल वेगळा परिच्छेद लिहावा लागू नये, पण लागतो. लिटल लीगने मुलींना १९७४ पर्यंत बाहेरच ठेवलं होतं. मारिया पेपे नावाच्या न्यू जर्सीतल्या मुलीचं प्रकरण लढलं गेलं तेव्हा दार उघडलं. आपल्याकडे दार कुणी बंद केलेलं नसतं, फक्त मैदानावर बाई माणूस नसतं, आणि आई म्हणते, "कोन हाये तिथं?" म्हणून मुलींच्या प्रत्येक संघाला एक तरी बाई प्रशिक्षक किंवा पालक, प्रत्येक रविवारी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि मुलगा असो की मुलगी, कुठलाही मोठा माणूस एकट्या पोराबरोबर गाडीवर, खोलीत किंवा मैदानावर राहणार नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा स्वयंसेवकालाही लागू आहे, तो सगळ्यांना वाचून दाखवा. ज्याला राग येईल त्याला पाण्याच्या कामावरही घेऊ नका.

राहिली पेटी. ग्लोव्हज, कॅचरचा मास्क आणि चेस्ट गार्ड, स्लगर, हेल्मेट, चेंडू, प्रथमोपचाराचा डबा, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. हिची किल्ली कुणा उत्साही माणसाकडे असते आणि लग्नसराईत तो माणूस ऐन रविवारी वऱ्हाडासोबत नागपूरला निघून जातो. पंचेचाळीस पोरं हातपाय झटकत कुलपाकडे बघत उभी आहेत, हे मी पाहिलंय. किल्ल्या तीन करा. एक प्रशिक्षकाकडे, एक मैदानाजवळच्या किराणा दुकानात आणि एक अशा आजीकडे, जी गाव सोडून कुठे जात नाही.

पुढच्या आठवड्यात गुणवही : आउट कसा लिहायचा, एरर कुणाच्या नावावर टाकायची, आणि ती टाकल्यावर त्याच्या बापाला काय सांगायचं.