स्नॅपड्रॅगनचा दांडा ट्रेमध्येच ठरतो

स्नॅपड्रॅगनचे बी अगदी बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे सहा हजार दाणे बसतात. ते मातीने झाकायचे नसते, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. वरच्या वर ठेवलेले असे बी पहिले दोन आठवडे एकसारखे ओले राखणे जिकिरीचे असते. म्हणून कट फ्लॉवरसाठी लागवड करणारे बहुतेक जण रोपवाटिकेतून प्रो-ट्रेमधली तयार रोपे घेतात, आणि ते योग्यच आहे. फक्त तयार रोप म्हणजे अर्धे पीक हाती आले, असे समजू नये. बाजारात भाव दांड्याच्या लांबीला मिळतो, आणि त्या लांबीचा बराचसा निकाल रोप ट्रेमध्ये असतानाच लागतो.

गैरसमज १ : रोपे आली की लागवड आठ-दहा दिवस पुढे गेली तरी बिघडत नाही.

वस्तुस्थिती : ट्रेच्या एका कपात मूठभरसुद्धा कोकोपीट नसते. पाच-सहा आठवड्यांत मुळे ते पूर्ण व्यापतात. या वेळी रोप बुडाशी धरून अलगद उचलले, तर कोकोपीटचा गोळा न फुटता बाहेर येतो आणि त्यावर पांढऱ्या मुळांची जाळी दिसते. हीच लागवडीची वेळ. त्यानंतर मुळे कपाच्या भिंतीलगत गोल फिरू लागतात, तपकिरी पडतात आणि रोपाची वाढ खुंटते. असे रोप वीतभर उंचीवरच कळी धरते. एकदा शेंड्यात कळी धरली की विद्राव्य खतांचा कितीही मारा केला तरी तो दांडा हवा तेवढा लांबत नाही. म्हणून आधी गादीवाफे आणि ठिबक तयार ठेवावे, मगच रोपे उचलावीत.

गैरसमज २ : उंच, कळी दिसणारे रोप सर्वांत जोमदार.

वस्तुस्थिती : ट्रेमध्येच कळी धरलेले रोप ताणातून आलेले असते. तीन-चार पानांच्या जोड्या, आखूड पेरी, गडद पाने आणि पांढरी मुळे असलेले ठेंगणे रोप निवडावे.

गैरसमज ३ : खोल लावले की रोप पक्के उभे राहते.

वस्तुस्थिती : ही सवय टोमॅटोची. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून तिथे खोल लागवड चालते. स्नॅपड्रॅगनचे खोड ओल्या मातीत गाडले गेले की बुडाशी कुजण्याचा धोका वाढतो. कोकोपीटचा गोळा वाफ्याच्या पृष्ठभागाशी बरोबर यावा. उभे राहण्यासाठी आधार जाळीचा द्यावा. लागवडीच्या वेळीच आडवी जाळी अंथरावी आणि पीक वाढेल तशी वर सरकवत न्यावी.

गैरसमज ४ : जात कुठलीही असो, रंग चांगला असला की झाले.

वस्तुस्थिती : कट फ्लॉवरच्या जाती १ ते ४ अशा गटांत विभागलेल्या असतात. गट १ आणि २ लहान दिवस, कमी उजेड आणि थंडीसाठी, तर गट ३ आणि ४ मोठे दिवस व उष्ण हवेसाठी. गट १ ची जात उन्हाळ्याच्या तोंडावर लावली तर ती घाईने फुलते आणि दांडा आखूड, बारीक राहतो. उलट गट ४ ची जात ऐन थंडीसाठी लावली तर ती नुसती वाढत राहते आणि फुलायला उशीर करते. पेरणीपासून तोडणीपर्यंत साधारण १०० ते १२० दिवस लागतात. त्यामुळे तोडणी कधी हवी ते आधी ठरवावे, मग दिवस मागे मोजत गट निवडावा. पुण्या-नाशिककडच्या उघड्या शेतात पाऊस ओसरल्यावर लागवड करून थंडीत तोडणी करणे या पिकाला मानवते. रोपवाटिकेत मागणी नोंदवताना रंगासोबत गटही विचारावा.

गैरसमज ५ : शेंडा खुडल्याशिवाय उत्पन्न नाही.

वस्तुस्थिती : शेंडा खुडला की बाजूचे फुटवे येतात आणि एका रोपाला अनेक दांडे मिळतात. मात्र तोडणी दोन ते चार आठवडे लांबते. न खुडलेले रोप एकच, पण जाड आणि लवकर येणारा दांडा देते, म्हणून ते दाट लावता येते. खुडायचे असेल तर दोन रोपांत वीतभर अंतर हवे. थंडीचे दिवस थोडेच उरले असतील, तर खुडू नये.

गैरसमज ६ : तुरा पूर्ण उमलल्यावर तोडला तर ग्राहक खूश होतो.

वस्तुस्थिती : तुरा खालून वर उमलत जातो. खालची एक तृतीयांश फुले उघडली की तोडणी करावी. भुंगा फुलाचे ओठ उघडून आत शिरला आणि परागीभवन झाले की ते फूल लवकर गळते, त्यामुळे उशीर केला तर खालची फुले वाटेतच झडतात. इथिलीन वायूनेही हीच गळ होते. पिकत्या केळी-आंब्यांच्या क्रेटशेजारी जुड्या ठेवू नयेत.

आणखी एक काळजी घ्यावी. तोडलेले दांडे आडवे ठेवले तर काही तासांतच त्यांचे शेंडे वरच्या दिशेने वळतात. वाढता शेंडा गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशा पकडतो, आणि ही वाकडी मान पुन्हा सरळ होईलच असे नाही. जुड्या बादलीत पाणी घालून उभ्याच ठेवाव्यात आणि उभ्याच पाठवाव्यात.

चार महिन्यांच्या कष्टाचा हा दांडा सरळ आणि लांब मिळावा, असे वाटत असेल तर रोपांच्या गाडीपाशीच सुरुवात करावी. ट्रे उतरवून घेण्याआधी तीन-चार कपांतली रोपे उचलून मुळे बघावीत. ती पांढरी असतील तर त्याच संध्याकाळी लागवडीला लागावे. तपकिरी होऊन गोल फिरलेली असतील, तर ट्रे परत करणेच फायद्याचे.