सूप, इरले आणि मुडी

रोहिणी नक्षत्र जवळ आले की रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी निराळीच लगबग सुरू होते. राबाची भाजणी उरकलेली असते, धूळवाफेची पेरणी तोंडावर आलेली असते आणि माळ्यावर ठेवलेले बियाणे खाली उतरविले जाते. पूर्वी हे बियाणे बहुतेक घरी मुडीत बांधलेले असे. भाताच्याच पेंढ्यात भात गुंडाळून, पेंढ्याच्याच दोरीने गच्च आवळलेला तो गोल गठ्ठा ज्याने दोन्ही हातांनी उचलला आहे, त्याला त्याचा जडपणा आणि वास सांगावयास नको. आज मुडी क्वचित दिसते. ती बांधणारे हात तर त्याहूनही क्वचित आढळतात.

मी या जिल्ह्यात नव्याने रुजू झालो त्या वर्षीची गोष्ट. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत शेजारी शेजारी दोन घरे होती. एका घरच्या शेतकऱ्याने माझ्या सांगण्यावरून बियाणे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तिचे तोंड घट्ट बांधले. शेजारच्या घरी एक वृद्ध आजी होत्या. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि नेहमीप्रमाणे मुडी बांधली. मे महिन्यात उगवणशक्ती तपासली. ओल्या गोणपाटात शंभर शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते. पिशवीतील दाण्यांपैकी निम्मेही उगवले नाहीत. मुडीतील दाणे मात्र बहुतेक सारे उगवून आले. आजी एवढेच म्हणाल्या, "साहेब, बियाणं जितं असतं. त्याचं तोंड आवळून ठेवलंत, मग ते जगेल कसं?"

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. भाताचे बियाणे साध्या पिशवीत ठेवावयाचे तर त्यात १३ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा असू नये. हवाबंद पिशवीत ठेवावयाचे तर ते ८ टक्क्यांपर्यंत वाळलेले असावे लागते. कोकणच्या दमट हवेत, अंगणातल्या उन्हावर, ८ टक्क्यांपर्यंत बियाणे वाळविणे कठीण. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पिशवी बांधताना ओलावा पाहण्याचे मी टाळले. दोष पिशवीचा नव्हता, माझ्या अर्धवट सल्ल्याचा होता. मुडीच्या पेंढ्यातून ओल आत येते तशी बाहेरही जाते, म्हणून थोडी कसर राहिलेले बियाणेही तिच्यात तग धरते.

त्या दिवसापासून मी कोणत्याही घरात गेलो की सातबाऱ्याच्या आधी माळ्याकडे, पडवीच्या खुंट्यांकडे आणि माजघरातील कोपऱ्यांकडे पाहू लागलो. जुन्या वस्तू जमविण्याचा छंद मला नाही. परंतु हाताने केलेली, हाताला बसलेली वस्तू रोजच्या कामात किती समाधान देते हे मी या जिल्ह्यातील घरांतून शिकलो, आणि त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

सुपाचेच उदाहरण घ्या. या एका वस्तूसाठी आपल्या भाषेत किती क्रियापदे आहेत! धान्य वर उडवून फोल बाहेर टाकणे म्हणजे पाखडणे. सूप गोल फिरवून खडे आणि कण्या एका बाजूस आणणे म्हणजे घोळणे. झटका देऊन जड व हलके वेगळे करणे म्हणजे आसडणे. कार्यक्रम संपला की ‘सूप वाजले’ असे वर्तमानपत्रवालेही लिहितात; त्यांतील कितीजणांनी सूप हाती धरले असेल हा भाग निराळा. एखादी जाणती बाई उन्हे कलल्यावर पडवीत बसून तांदूळ पाखडू लागली की त्या आवाजाला एक ठेका असतो. फोल बरोबर सुपाच्या ओठावरून खाली उतरतो आणि दाणा मागे राहतो. बाजारात प्लॅस्टिकची सुपे मिळतात. ती स्वस्त आहेत आणि भिजली तरी बिघडत नाहीत. परंतु ज्यांनी दोन्ही वापरली आहेत त्या बायका सांगतात की, गुळगुळीत सुपावरून सारेच एकदम घसरते. बांबूच्या विणीला जो खरखरीतपणा असतो तोच निवडण्याचे अर्धे काम करतो. आठवड्याच्या बाजारातून सूप घेताना त्या ते उजेडाकडे धरून पाहतात, कडा दाबून पाहतात, हातात दोनदा हालवितात. ती परीक्षा पाहण्यातही मौज आहे. घरी आल्यावर भिजवलेल्या कागदाचा लगदा आणि मेथीचे वाटण यांचा हात सुपाला दिला की विणीतील फटी बुजतात आणि सूप पुष्कळ वर्षे टिकते.

इरल्याची कथा याहून मोठी आहे. लावणीच्या दिवसांत कोकणचा पाऊस सरळ पडत नाही, तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. लावणी करणाऱ्याचे दोन्ही हात चिखलात गुंतलेले, पाठ वाकलेली. अशा माणसाला छत्रीचा उपयोग काय? म्हणून कोणा अनामिक कारागिराने बांबूच्या बारीक कामट्यांचे दुपदरी जाळे विणले, दोन पदरांमध्ये पळसाची किंवा तशीच रुंद पाने एकावर एक दाबून बसविली, आणि डोक्यावरून थेट कमरेपर्यंत पाठ झाकणारे घर तयार केले. माणूस जितका वाकेल तितके ते नीट बसते. उभे राहिले की मात्र अडचणीचे होते. म्हणजे ते वाकलेल्या माणसासाठीच घडविलेले आहे. त्याच्या आत पाठीपाशी हवा खेळती राहते, त्यामुळे घाम साचत नाही. प्लॅस्टिकची खोळ अंगाला चिकटते आणि आत माणूस घामाने भिजतो, बाहेर पावसाने.

गेल्या आषाढात लांजे तालुक्यात एका चोंढ्याच्या बांधावर मी उभा होतो. खाचरात आठ माणसे लावणी करीत होती. सात निळ्या खोळी आणि एकच इरले. इरल्याखालच्या बाईंना विचारले, "मावशी, जड नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "जड आहे खरं, पण पानांवरचा पाऊस ऐकत काम उरकतं. त्या कागदात नुसता तडतडाट." ते इरले विणणारा वृद्ध बुरूड आदल्या वर्षी वारला होता. पाने दरवर्षी नवी घालता येतात, कामट्यांचे जाळे मात्र एकदा मोडले की पुन्हा कोण विणणार, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुने ते सारे चांगले असे माझे म्हणणे नाही. जात्याविषयी आणि घिरटाविषयी हळवे होण्याचे मला काही कारण दिसत नाही. पहाटे उठून तासन् तास दळणाऱ्या बायकांनी ओव्या रचल्या हे खरे. परंतु गिरणी आली तेव्हा त्याच बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला हेही खरे. चुलीचेही तसेच. मुडीला माळ्यावर चुलीचा धूर लागे आणि त्यामुळे किडे दूर राहत. आता घरोघरी गॅस आला, बायकांच्या डोळ्यांचा आणि छातीचा त्रास कमी झाला. म्हणून चूल परत आणण्याचा विचार कोणी करू नये. मात्र धूर गेल्यामुळे मुडीतील बियाणे पावसाळ्यापूर्वी एकदा उन्हात घालणे आणि कीड पाहणे आवश्यक झाले आहे, एवढे ध्यानात ठेवावे. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. बियाणे मुडीतील असो वा दुकानातील.

लोखंडाच्या वस्तूंचे दैव त्या मानाने बरे आहे. फणसाच्या पाटावर बसविलेली, पुढे खोबरे खवण्याची चकती असलेली विळी अजून बहुतेक घरांत आहे. कमरेच्या आकडीला अडकवलेला कोयता तर कोकणी माणसाचा अवयवच. लोहार पाते बदलून देतो, सुतार पाट तासून देतो आणि आजीची विळी नातसुनेच्या हाती येते. आंब्याच्या झेल्यातही हीच परंपरा पुढे गेलेली दिसते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ तयार केला तो लांब दांडा, जाळी आणि पाते या जुन्याच मांडणीवर; फळ देठासह निघावे आणि चीक सालीवर ओघळू नये अशी सुधारणा त्यात केली. जुनी वस्तू कामात राहिली म्हणूनच तिच्यात सुधारणा होऊ शकली.

तांब्यापितळेच्या भांड्यांची गोष्ट मात्र दुःखाची. आमच्याच घरी घंगाळ आणि मोठा हंडा होता. स्टीलची भांडी घेताना दोन्ही मोडीत गेली, वजनावर. मी त्यावेळी शाळेत होतो आणि नव्या भांड्यांच्या चकचकाटाने हरखून गेलो होतो. आज हंड्यावरील ठोक्यांच्या ओळी आठवतात. प्रत्येक ठोका कोणा तांबटाने मोजून घातलेला होता.

पुण्याचे डॉ. दिनकर केळकर, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, त्यांनी उभे आयुष्य असल्याच वस्तू गोळा करण्यात घालविले. अडकित्ते, दिवे, भांडी, कोरीव दारे. आपल्या दिवंगत मुलाच्या नावे त्यांनी उभारलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. तिकडे जपानात यानागी सोएत्सु यांनी सामान्य माणसाच्या हातच्या वस्तूंना ‘मिंगेई’ असे नाव देऊन त्यांच्यासाठी १९३६ साली टोकियोत संग्रहालय उघडले. नाव नसलेल्या कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूत सौंदर्य असते, हे त्यांचे सांगणे. संग्रहालये हवीतच. परंतु काचेआड ठेवलेले सूप पाखडत नाही, आणि बुरुडाला त्यातून दुसऱ्या सुपाची मागणी येत नाही.

ती मागणी आपल्याच हाती आहे. गावात बुरूड असेल तर त्याला पहिली अडचण बांबूची येते. विणकामाला पोकळ, लांब पेरांचा आणि ओला बांबू लागतो. आपल्याकडील माणगा भरीव आणि बिनकाट्याचा. तो काठ्यांना व झेल्याच्या दांड्यांना उत्तम. दोन्ही जातींची बेटे बांधावर व परसाच्या कडेला लावता येतात. पावसाळ्यात नवे कोंब येत असताना तोड करू नये. पाऊस संपल्यावर, थंडीत करावी. त्या वेळच्या बांबूला भुंगेरा कमी लागतो. अमावास्येची तोड चांगली असे जुने लोक म्हणतात. त्यासाठी त्यांच्याशी वाद घालण्याची गरज नाही, महिना योग्य असला म्हणजे झाले. वनाबाहेर वाढलेल्या बांबूला २०१७ सालच्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले आहे, ही गोष्ट गावोगावी काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना आवर्जून सांगावी. अजूनही पुष्कळजण भीतीपोटी बेट लावीत नाहीत.

आता मुडीविषयी शेवटचे. त्या आजींकडे मी गेल्या दिवाळीनंतर दोन दिवस बसलो. पेंढा चहूकडे पसरून मध्ये भात ओतावयाचे, कडा वर घेऊन पीळ द्यावयाचा, दोरीचा एकेक फेर आवळावयाचा आणि फळीने ठोकून गोल करावयाचे. पाहताना सोपे वाटते. माझी पहिली मुडी उचलताच सुटली आणि अंगणभर भात झाले. वाडीतील पोरे पोट धरून हसली. दुसरी टिकली, पण आकाराने भोपळ्यासारखी झाली. त्या पोरांपैकी दोघे मात्र हसणे संपल्यावर शेजारी येऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी बांधलेली मुडी माझ्याहून चांगली होती. आजींनी ती हातात घेऊन फिरविली, एका जागी अंगठ्याने दाबली आणि माळ्यावर ठेवावयास सांगितली.

ज्यांना हे शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. मुडीला लांब, न तुटलेला पेंढा लागतो. १९६६ साली आलेल्या ‘आयआर ८’ पासून बुटक्या जातींचा प्रसार झाला, त्यांनी उत्पन्न वाढविले, पण पेंढा आखूड झाला. शिवाय मळणी यंत्रातून निघालेल्या पेंढ्याचा चुरा होतो. तेव्हा उंच वाढणारी एखादी गावरान जात थोड्या जागेत लावावी, आणि गावात मळणी यंत्र येण्यापूर्वी तिचे चार भारे हाताने झोडून, दोन उन्हे देऊन, पडवीत आडव्या वाशावर टांगून ठेवावेत.