ओमेगा सेंटॉरीतील न दिसणारा हेलियम

मे महिन्याच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास झाशीहून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून साधारण १७ अंशांवर, म्हणजे हात लांब करून ताणलेल्या वितीहून थोडे खाली, एक अंधुक ठिपका सापडतो. अर्थात, उन्हाळ्यातील धूळ व शहराचे दिवे आड आले नाहीत तर. नरतुरंग तारकासमूहातील हा ठिपका म्हणजे एखादा तारा नव्हे. तो ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आहे. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गुच्छात जवळजवळ एक कोटी तारे आहेत.

अशा गुच्छातील सर्व तारे एकाच वायुमेघातून जन्मले, म्हणून त्यांची रासायनिक घडण सारखीच असणार, अशी समजूत दीर्घकाळ होती. ओमेगा सेंटॉरीने ती मोडीत काढली. येथे ताऱ्यातारांतील लोहाचे प्रमाणही वेगळे आढळते. २००४ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून, रंग व तेज यांच्या आलेखात येथील तारे दोन स्वतंत्र ओळींत विभागलेले दिसले. निळसर ओळीतील ताऱ्यांत हेलियम अधिक असावा, असा तर्क त्यावरून पुढे आला.

परंतु तर्क पडताळायचा कसा? हेलियमचा पहिला माग १८६८ साली सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेवरून लागला होता. ती रेषा उमटण्यास प्रचंड तापमान लागते. गुच्छातील तेजस्वी राक्षसी तारे तुलनेने थंड असल्याने त्यांच्या पृष्ठभागावरील हेलियम वर्णपटात खूणच ठेवत नाही.

बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील बी. पी. हेमा व गजेंद्र पांडे यांनी यावर आडवाट शोधली. थंड ताऱ्याच्या वातावरणात मॅग्नेशियमचे सुटे अणू असतात, तसेच मॅग्नेशियम व हायड्रोजन यांचे संयुक्त रेणूही असतात. अणूंच्या रेषांवरून मॅग्नेशियम किती आहे ते कळते. त्या मानाने रेणूंचे पट्टे फिके असतील, तर हायड्रोजन कमी आहे. आणि हायड्रोजनची जागा घेणारा दुसरा वायू हेलियमच. हिशेब उधारीच्या वहीसारखा आहे: जे नोंदलेले नाही, ते तुटीवरून ओळखायचे.

तमिळनाडूतील कावलूर येथील वेणू बाप्पू दुर्बिणीने असे हायड्रोजन-उणे तारे हेरले गेले. तो निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील 'सॉल्ट' या महादुर्बिणीतून अधिक बारकाईने वर्णपट घेण्यात आले. पुण्याची 'आयुका' संस्था या दुर्बिणीच्या भागीदारांपैकी एक आहे. सामान्यतः हायड्रोजनच्या दहा अणूंमागे हेलियमचा सुमारे एक अणू असतो. धातुसंपन्न अशा काही राक्षसी ताऱ्यांत हे प्रमाण स्पष्टपणे अधिक असल्याचे २०२० मध्ये दाखवून देण्यात आले.

याला महत्त्व आहे ते वयोमापनामुळे. हेलियम अधिक असलेला तारा अधिक तेजाने जळतो व लवकर संपतो. तो घटक गृहीत धरण्यात चूक झाली, तर ताऱ्याच्या वयाचे गणितही चुकते. हा जादा हेलियम गुच्छातील आधीच्या पिढीच्या वजनदार ताऱ्यांनी बाहेर टाकला असावा, असे मानले जाते. मात्र नेमक्या कोणत्या प्रकारच्या ताऱ्यांनी, याविषयी खगोलशास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.